पहिल्या भावाला उठलो!

भाव कसा करायचा, हे मला कुणी शिकवू नये! नेकनूरच्या बैलबाजारात वीस वर्षं दलाली केलीय मी. पहिल्या भावाला 'हो' म्हणायचंच न्हाई. रुमाल झटकून उठायचं आन् सावकाश चालू लागायचं. दहा पावलात मागून हाक येतीच, "ओ आप्पाराव, या की मागं!"

त्र्याण्णव साली राज्याच्या हवा-पाणी प्रदूषण मंडळावर माझी नेमणूक झाली, जनावरांवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून! पहिल्याच बैठकीत सभासदांचं मानधन ठरणार होतं. त्याच्या जोरावर मी बायकोला, आमच्या ताराबाईला, रंगीत टीव्ही कबूल करून बसलेलो.

मुंबईत सचिवसाहेब म्हणाले, "बैठकीला दोनशे रुपये. मंजूर?"

बाकीचे अकरा सभासद माना डोलवायला लागले. मी ताडकन उठलो. रुमाल झटकला. "दोनशे? न्हाई जमत!" आन् निघालो.

दहा पावलं झाली. हाक न्हाई! खाली वाकून बुटाची नाडी बांधली. पायात चपला होत्या, तरी बांधली! जिना संपला, गेट आलं.

"काही विसरलात का?" वॉचमननं विचारलं.

"मी न्हाई, ते विसरलेत!"

आपणहून मागं फिरू? बाजारात असा फिरला तो दलाल संपला! तडक बीडची यष्टी धरली.

तिसऱ्या दिवशी शेजारचा आश्रुबा पेपर नाचवत आला. 'मानधन नको! बीडच्या सभासदाचा बाणेदार त्याग.'

"त्याग कुणी केला बे? मला पाचशे पाहिजे होते!"

"हळू बोला, आप्पाराव! संध्याकाळी तुमचा सत्कार हाय."

सत्कारात खरं सांगायला उठलो. "मंडळी, मला पैसे..." एवढ्यावरच टाळ्या! शाल घेऊन खाली बसलो.

पंधरा दिवसांनी सरकारी लखोटा आला. माझ्या उदात्त भावनेचा आदर करून सगळ्याच सभासदांचं मानधन रद्द! मागोमाग त्या अकरा जणांची पत्रं आली. बायकोला वाचून दाखवावं असं त्यात एकही न्हाई.

"कावून उठलात हो?" ताराबाई कडाडली. "बसून ऱ्हायले असते तर दोनशे तरी आले असते!"

"माझं काहीच चुकलं न्हाई! सरकारला भाव करता येत न्हाई, त्याला मी काय करू?"

लखोट्यात आणखी एक कागद होता. माझ्या निःस्वार्थीपणावर खूश होऊन सरकारनं मला अजून दोन समित्यांवर घेतलं होतं. दोन्ही बिनपगारी!

"मंग न्हाई म्हणून कळवा की!"

न्हाई म्हणू? येड लागलं का मला! एकदा न्हाई म्हणालो तर दोन समित्या मिळाल्या. आता परत म्हणालो, तर चार गळ्यात पडतील!