दरबारातले पापड

आमच्या विमलअक्काच्या नाटकात महाराणी सिंहासनावर बसून मेथी निवडते. खरी मेथी, घरची! प्रधान वाल सोलतो आणि शत्रूचा हेर कोपऱ्यात लसूण सोलत कान टवकारून बसतो. सोनगीरच्या आमच्या बायकांच्या नाटक मंडळाचा हा जुना नियम: तालीम असो की प्रयोग, घरचं काम सोबत आणायचं. नाहीतर घरचे सोडणार थोडेच? मी नवी असताना विचारलं होतं, "अक्का, राणी कुठे भाजी निवडते का हो?"

"का? राणी भाजी खास नही?" अक्का कडाडली. खाते तर निवडेलही; विषय संपला.

यंदा धुळ्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्या महाराणीच्या, म्हणजे शोभाच्या, सासूने फर्मान काढलं: पापडाचं पीठ तयार आहे, शोभा कुठेही जाणार नाही. झालं! राणीशिवाय कसलं नाटक? अक्का तडक शोभाच्या घरी निघाली. आम्हीही मागोमाग, भांडण बघायला. पण अक्का गोड हसून म्हणाली, "गोदामावशी, पीठ संगे लई चाल. तू बी चाल. राजमाताना पार्ट रिकामा शे."

नाटकात राजमाता नव्हतीच हो!

दुसऱ्या दिवशी भर दरबारात शोभा पापड लाटतेय आणि राजमाता वाळत घालतेय. युद्धाची बातमी घेऊन दूत धावत आला, तर मावशी ओरडली, "अय दूत! पापडवर पाय नको दिऊ!" सगळं नाट्यगृह हसून लोळलं. परीक्षकांनी पापड हे स्त्रीच्या बंदिस्त आयुष्याचं प्रतीक आहे असं म्हणत तोंडभरून कौतुक केलं.

"कसानं प्रतीक?" अक्का माझ्या कानाशी कुजबुजली. "उडीदना पापड शेतस!"

मग बायका आपापले डबे उचलून टेम्पोकडे पळाल्या. मी अक्काला बोलवायला विंगेत गेले. तिचे गहू निवडून झाले होते, आणि बाजूला काढलेले खडे ती परत गव्हात मिसळत होती.

"अक्का! हे काय?"

ती दचकली. "घरमा मी एकलीच शे. मना गहू कितला? निवडी टाकात ते सकाय तुमनामा काय लई बसू?"

उद्या हातात काम नसलं तर आमच्यात काय घेऊन बसायचं, ही तिची चिंता! मला एकदम रडूच आलं. एवढी सगळ्यांना दटावणारी बाई, आणि नुसत्याच आलात तरी चालेल, असं तिला आमच्यापैकी कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

पुढच्या तालमीला मी घरचे पोतंभर गहू नेऊन तिच्यापुढे ओतले. "अक्का, माझ्याच्याने होत नाही. तुम्हीच निवडा."

"आळशी कोठली!" अक्का म्हणाली, आणि सूप पुढ्यात ओढून घेतलं.