गट क्रमांक : कालिंदीताई

या मंडळी, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. बुवा अजून उपरणं शोधताहेत, पेटीवाल्याचा सूर लागायचाय, तोवर एक कथा सांगतो. हिंगोलीतलीच आहे.

आपल्या गावात मृदा सुदृढता कक्ष नावाचं एक कार्यालय आहे, असं धरून चला. शेतकऱ्याने मातीची पिशवी आणायची, कक्षाने ती तपासायची आणि मातीला काय कमी पडतंय त्याची पत्रिका द्यायची. पत्रिका लिहायला कालिंदीताई, कंत्राटावर. दिवसाला दोनशे पत्रिका. मुलूख हळदीचा, त्यामुळे निम्म्या पत्रिकांवर एकच वाक्य : 'मॅग्नेशियम कमी. मात्रा द्यावी.' नवऱ्याचा धंदा सहा महिने चालू, सहा महिने सुरू होण्याच्या बेतात. घर चालायचं ते या एका वाक्यावर.

दीड वर्षापासून ताईंना सकाळी उठतानाच वाटायचं की आपण रात्रभर हळद खणत होतो. पोटरीत गोळे यायचे. अकराच्या सुमाराला डोकं आपोआप टेबलाकडे झुकायचं.

कक्षाच्या व्हरांड्यात हळदीची एक शोभेची कुंडी होती. भाद्रपदात तिची दोन पानं शिरांच्या मधून पिवळी पडली. कक्षप्रमुख गोपाळराव साहेबांनी ते येता येता पाहिलं, हातातला डबाही खाली न ठेवता तातडीची सभा बोलावली आणि दुपारच्या आत कुंडीला मॅग्नेशियम मिळालं. कुंडीशेजारच्या खुर्चीत कालिंदीताई बसल्या होत्या. चेहऱ्याचा रंग तोच. त्यांच्याविषयी सभेत असं ठरलं की त्यांनी कामात उत्साह दाखवावा.

शेवटी ताई धर्मसिंग डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, बरंच काही विचारलं आणि सरळ सांगितलं की थकव्याची शंभर कारणं असतात. तुमच्यात मॅग्नेशियम कमी आहे, त्याचा यात हात दिसतो, पण सगळं पाप त्याच्याच माथी मारता येणार नाही. गोळ्या लिहून दिल्या. वर म्हणाले, "ताई, गोळी तिचं काम करील. पण तीन आठवडे आराम लागतो, अन् तो काही मेडिकलवर मिळत न्हाई."

ताईंनी रजेचा अर्ज केला. साहेबांनी ताप आहे का, प्लास्टर आहे का, निदान पट्टी तरी आहे का, अशी चौकशी केली आणि शेरा मारला : 'अर्जदार दोन जिने चढून अर्ज देऊन गेली. सबब थकवा सिद्ध होत नाही.' दुसरा अर्ज ताईंनी सटवाजी शिपायाच्या हाती पाठवला. शेरा आला : 'अर्जदाराने समक्ष हजर राहावे.' तिसरा अर्ज लिहिण्याआधीच नोटीस आली. कामचुकारपणाचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा कंत्राट संपले असे समजावे.

सहाव्या दिवशी सटवाजीला राहवलं नाही. "ताई, काहून रडून राहिल्या? या हापिसात माणसाचा कागद कोन वाचते? मातीचा वाचतात. तुमी मातीत घुसा."

त्याने स्वतः नमुन्याचा फॉर्म भरला. गट क्रमांक : कालिंदी. मागील पीक : दोन लेकरं. सिंचन : चहा. निचरा : डोळ्यांवाटे. शेवटची विश्रांती : आठवत नाही. डॉक्टरांचा रिपोर्ट मागे टाचला. ताईंनी नेहमीचं वाक्य लिहिलं आणि पुढे तीन शब्द जोडले : 'मॅग्नेशियम कमी. मात्रा द्यावी. हंगामभर पड ठेवावी.' दोनशेच्या गठ्ठ्यात तो कागद गेला आणि साहेबांच्या सहीशिक्क्यासह परत आला.

नोटिशीचा खुलासा म्हणून ताईंनी तोच कागद पुढे ठेवला. साहेबांनी चष्मा दोनदा पुसला. पण कक्षाची पत्रिका आजवर चुकलेली नाही, असं वार्षिक अहवालात छापलेलं होतं. मग त्यांनी मार्ग काढला. जमीन पड ठेवायला कक्षाची हरकत नाही. मात्र ती खरोखर पड आहे का, याची पाहणी होईल.

तिसऱ्या दिवशी साहेब, सटवाजी आणि गल्लीतले दोन पंच असे चौघे ताईंच्या घरी पोचले. ताई खाटेवर गाढ झोपल्या होत्या. इतकी पड जमीन जिल्ह्यात दुसरी नसेल. साहेबांनी लिहायला पेनही काढलं. तेवढ्यात ताईंचा नवरा म्हणाला, "अगं, साहेब आले. चहा टाक."

ताई उठल्या. चहा झाल्यावर सासूबाई म्हणाल्या की उठलीच आहेस तर पोहेही होऊन जाऊ दे. पोहे झाल्यावर नवऱ्याला भिजवलेलं धुणं आठवलं. सटवाजीने चहा नको म्हणून आपला कप पालथा घातला. पण पंचनाम्यात पालथ्या कपाला रकाना नव्हता.

पंचनामा असा : 'सदर जमीन पड आढळली नाही. पाहणीवेळी चहा, पोहे व धुणे अशी तीन पिके उभी होती. चहात आले होते.' रजा रद्द. कंत्राट मात्र वाचलं. नुसतं वाचलं नाही, मॅग्नेशियम नसताना एका दमात तीन पिकं देणारी जमीन म्हणून कक्षाने ताईंना 'आदर्श भूमी' घोषित केलं. शाल, नारळ आणि दोन तास उभं राहून सत्कार. साहेबांनी माईक पुढे केला आणि दोन शब्द बोलण्याची विनंती केली. ताई दोनच शब्द बोलल्या.

"बसू का?"

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. विनय समजून.

आता हळूच मागे वळून पाहा. तिसऱ्या खांबाला टेकून त्या बसल्या आहेत. डोळा लागलाय. मघाशी मी हलवून उठवायलाच निघालो होतो, कीर्तनात झोपू नये म्हणून. मग पाय अडला. त्या दिवशीच्या दोन पंचांतला एक मीच. पोह्यांची दुसरी बशी मीच मागितली होती. पांडुरंगापुढे खोटं कशाला बोलू?

बुवा आलेच. टाळ जरा हळू धरा. कीर्तन संपल्यावर घरी जाल, उंबऱ्यातूनच चहा मागायला तोंड उघडेल. उघडू द्या. पण आपल्या घरात साखरेचा डबा कोणत्या फळीवर असतो, हे आता बसल्या बसल्या सांगता येतंय का, बघा. नाही ना? मग शब्द बाहेर पडण्याआधी एकदा आमच्या कालिंदीताईंना आठवा.