सितारामचा कावळा

दहाव्याचा पिंड ठेवून तास उलटला तरी कावळा शिवेना. धरणाच्या काठी मासेमारांच्या त्या वस्तीत थंडीभर दूरदूरची पाखरं उतरत आणि ती बघायला परभणीहून माणसं गाड्या करून येत. पण सितारामच्या घासाला आज एक साधा कावळा राजी नव्हता. तो बाभळीवर बसून मान वाकडी करून नुसता बघत होता. मुंडण केलेला नागेश हात जोडून उभा होता. बापाचा जीव कशात अडकला असेल, या विचारानं त्याला गलबलून येत होतं. त्याच्या आईनं, चांगुणाबाईनं, सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

“कायतरी राहिलंय आण्णाचं,” चुलता लिंबाजी म्हणाला. “कबूल कर, म्हंजी शिवंल.”

“बा, आईला अंतर देणार न्हाई,” नागेश म्हणाला. सगळ्यांनी वर पाहिलं. काही नाही.

“गुटखा सोड म्हणायचे तुला,” बहीण रेणुका म्हणाली. नागेशनं गुटखा सोडला. कावळा हलला नाही.

“लग्नात मामायनं मला मोटरसायकल कबूल केली होती,” रेणुकाचा नवरा दत्ता खाली मान घालून म्हणाला. नागेशनं स्वतःची देऊन टाकली.

मग लिंबाजीनं घसा खाकरला. “होडी मला द्यायची म्हणत व्हता आण्णा. लय येळा बोलला.”

नागेशनं काठाला बांधलेल्या होडीकडं पाहिलं. पहाटे मासे धरायचे आणि दिवस वर आला की पाहुण्यांना पाखरं दाखवायची, सगळं घर त्या होडीवर चाललं होतं. पण बापाला ताटकळत ठेवायचं तरी कसं? “दिली,” तो कसाबसा म्हणाला.

तरी कावळा ढिम्म. आता लिंबाजी चिडला. होडी आपल्याला मिळाल्यावरही भावाचं काही राहिलं असेल, हे त्याला पटेना. काठावर हिरवा तंबू लावून बदकांचे फोटो काढणाऱ्या रोहिणीमॅडमकडे तो तणतणत गेला.

“तुमच्या कॅमेऱ्याला बुजायलाय कावळा. आवरा हे.”

“काका, तो तुमच्या घोळक्याला बुजलाय,” मॅडम हळूच म्हणाल्या. “इतकी माणसं पुढ्यात उभी असल्यावर कोणता पक्षी खाली येईल? सगळे आत या, आणि बोलू नका.”

दोघांपुरत्या तंबूत अकरा माणसं शिरली. दत्ताचा गुडघा लिंबाजीच्या पोटात, रेणुकाचा पदर कॅमेऱ्यावर. कोणी खोकलंसुद्धा नाही. चांगुणाबाई फटीतून बघत होती. दोन मिनिटांत कावळा उतरला, त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि निवांत भातात चोच घातली.

नागेशला रडू फुटलं. ते त्यानं पंच्यात दाबलं. चांगुणाबाईनं डोळे पुसले.

“घरात सोयरे जमले की एकटेच होडी घेऊन पाण्यात जायचे ते,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “गलका सोसायचाच न्हाई त्यायला. समद्यायनं जरा गप बसावं, एवढंच मागायलते. दुसरं काईच मागणं नव्हतं. होडीचं बी न्हाई.”

लिंबाजीनं बोलायला तोंड उघडलं. रोहिणीमॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. कावळा अजून जेवत होता.