ठळक अक्षरातले रामराव

माणसं येणार नाहीत, ही धास्ती प्राध्यापक रामरावांनी वाढदिवसाच्या तीन महिने आधीच घेतली होती. वय पंचाहत्तर, भूमितीतली डॉक्टरेट, पस्तीस वर्षं जालन्यात शिकवलेलं. पण निवृत्तीच्या निरोपाला अकरा जण आले होते (त्यातले दोघे खुर्च्या परत न्यायला थांबलेले). आता सत्काराला समितीही होती. म्हणजे स्वतः रामराव आणि, न विचारताच नेमलेल्या, पत्नी दुर्गाबाई.

तेव्हा पत्रिका तरी लांबून नजरेत भरावी, असं त्यांनी ठरवलं. मस्तगडातल्या निजामोद्दीनच्या छापखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्यानं वेलबुट्टीची, शेपट्यांची, नाचरी अक्षरं दाखवली. रामरावांना एकही पटेना. मग पडद्यावर ते आलं. काळंभोर, जाड, सगळीकडून सारखंच जाड. ‘ठ’चं पोट कंपासनं काढल्यासारखं गोल, काना पट्टीनं ओढल्यासारखा सरळ. कुठं लाड नाहीत. फळ्यावर आपल्याला जन्मभर असंच काढायचं होतं, असं रामरावांना वाटलं.

“अक्षर बिलकुल बराबर हाय सर,” निजामोद्दीन म्हणाला, “पण जरा गंभीर हाय. आम्ही ते दुसऱ्या कामाला वापरतो.”

गंभीर म्हटल्यावर रामराव खूशच झाले. दुसरं काम कोणतं, ते विचारायचं राहून गेलं (एवढं शिकून हेही माहीत नाही, असं दिसलं असतं). वर पासपोर्टचा फोटो, खाली त्या अक्षरात नाव, तारीख, राहतं घर. लाल शाई भडक दिसेल म्हणून काळी. ‘अमृतमहोत्सवी सत्कार’ हे शब्द मात्र, फुशारकी नको म्हणून, अगदी तळाशी मुंगीएवढे.

त्या दिवशी रामराव आत नवा सदरा घालत होते, तोवर केदारखेड्याची जीप आली. मागून घनसावंगीच्या दोन. माणसं पांढऱ्या टोप्या घालून अंगणात गुमान बसली. बाया दुर्गाबाईंच्या गळ्यात पडून रडू लागल्या. कपाळावरचं कुंकू बघून त्यांना वाटलं, बिचारीला अजून कुणी सांगितलेलंच दिसत नाही. चहाला कुणी हात लावेना.

रामराव दारात आले तशी पुढची रांग बसल्याबसल्या मागं सरकली.

शेवटी कारभारी, त्यांचा केदारखेड्याचा जुना विद्यार्थी, धीर करून जवळ आला. सरांचा हात चाचपून पाहिल्यावर त्यानं उलगडा केला. या जाड काळ्या अक्षरात गावाकडं फक्त निधनाची पत्रं येतात. तसलं पत्र घरात न्यायचं नसतं. दारातच फोटो बघायचा, तारीख बघायची आणि फाडून टाकायचं. तळापर्यंत वाचतो कोण?

रामरावांनी अंगणावर नजर फिरवली. शंभरावर माणसं सहज होती. ते कारभाऱ्याकडं वळले. त्यांनी भीत भीत विचारलं, “सत्कार आहे हे कळलं असतं, तर आला असतास का रे?”

कारभारी खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. “कापसाची वेचणी चालू हाय सर. न्हाई जमलं असतं.”

मग हार घातले गेले. चहा प्याला गेला. जीपमध्ये चढता चढता कारभारी परत खाली उतरला आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाला, “सर, आजचं आमचं येणं धरून ठेवा. पुढं खरंच काही झालं तर मंग पुन्हा पत्र धाडू नका, बाईंनाबी सांगून ठेवा. दोन बाऱ्या यायला जमायचं न्हाई.”