राऊतकाकांचा दहीभात

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले राऊतकाका झुरळाला घाबरतात, लिफ्टला घाबरतात, कुकरच्या शिट्टीला घाबरतात आणि दर रविवारी न चुकता भुताटकीची म्हणून बदनाम झालेली एखादी जागा बघून येतात. तीही भर दुपारी बारा वाजता. त्यांच्या मते रात्रीपेक्षा ही वेळ वाईट. रात्री माणूस सावध तरी असतो.

त्यांच्यासोबत जायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते बायकोमुळे. गेल्या वर्षी सुलभाकाकू गेल्या, मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला, काका एकटे. ‘त्यांना एकटं पाठवू नका’ असं हिने मला बजावलं. स्वतः ती एकदाही आली नाही. भुतंखेतं न मानणारा म्हणून मी आख्ख्या मनवेलपाड्यात प्रसिद्ध आहे. ही प्रसिद्धी मी स्वतःच केलेली असल्यामुळे मला नाही म्हणता येईना.

काका एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. निवृत्त झाले तरी ‘नोंद घ्यावी’ काही तोंडातून गेलं नाही. दूधवाल्याला उद्या पिशवी जास्त टाक म्हणून सांगतानाही शेवटी ‘नोंद घ्यावी’ असतंच.

काकू होत्या तेव्हा काकांची आंघोळ हा दोघांचा कार्यक्रम असे. तोंडाला साबण लावला की डोळे मिटावे लागतात, आणि मिटल्या डोळ्यांपुढे कोण येऊन उभं राहील याचा भरवसा नाही. म्हणून काकू बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसायच्या आणि साबण उतरेपर्यंत बोलत राहायच्या. विषय रोजचा, भाजीचे भाव. गवार महागली, मेथी स्वस्त झाली, असं आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. काकू हे हसत हसत सगळ्यांना सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “माझ्यामागे ह्यांचं कसं होणार, देवच जाणे.”

तर असा हा माणूस मला पहिल्यांदा सातिवलीला घेऊन गेला. तिथे एक बंद पडलेला कारखाना आहे. आतलं मशीन वीज नसतानाही फिरतं अशी बोलवा. रविवारमुळे आजूबाजूचे गाळेही बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. काकांनी गेटासमोर केळीच्या पानाचा तुकडा मांडला, डब्यातून दहीभाताची मूद काढून त्यावर ठेवली आणि माझं मनगट घट्ट धरलं. भुताला उतारा देतायत, असं मी समजलो. मग त्यांनी थरथरत्या पण खणखणीत आवाजात सांगितलं, “मी गजानन राऊत. इथे आलो आहे. मला भीती वाटत नाही. नोंद घ्यावी.”

आत काहीतरी खाडकन वाजलं. ऊन तापलं की पत्रा वाजतो, हे मला ठाऊक आहे. रिक्षा मिळेपर्यंत धावताना मी स्वतःला तेच सांगत होतो. आम्ही दोघं केवढ्या वेगाने धावलो याची नोंद सुदैवाने कुणी घेतली नाही.

मग आम्ही वसईच्या किल्ल्यातल्या भुयाराच्या तोंडाशी जाऊन आलो. एका चिंचेखाली उभे राहिलो. जिथे भाडेकरू महिनाभरही टिकत नाही अशा एका खोलीच्या दाराशी गेलो. प्रत्येक ठिकाणी तेच पान, तोच दहीभात, तीच घोषणा. एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. घोषणा झाली की काका भुताच्या जागेकडे बघतच नसत. ते वर आभाळात बघत.

होळी गावाची पाळी त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली होती. होळी हे काकूंचं माहेर. तिथल्या वाडीत मागच्या अंगाला बावखल आहे, म्हणजे झाडांना पाणी पुरवणारं जुनं तळं. बाराच्या ठोक्याला तिथे कपडे आपटल्याचा आवाज येतो आणि धुणारी दिसत नाही, असं म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत मेहुण्यांनी ही गोष्ट सांगितली, तेव्हा नवे जावई जेवणाचं पान अर्धं टाकून वसई स्टेशनकडे पळाले होते. पुढे काकू होत्या तोवर त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नाही.

त्या रविवारी काका दाढी करून, पांढरा सदरा घालून निघाले. वाडीत एक म्हातारी फुलं खुडत होती. तिने आम्हाला हटकलं.

“बाराला पान्याकडं जाऊ नका. बाई असते तिथं.”

शेजारीण घरी आहे असं सांगावं तितक्या सहज ती बोलली आणि टोपली उचलून चालू लागली. जाताना तिने मागे वळून बघितलं नाही.

बावखलाभोवती केळी इतक्या दाट होत्या की ऊन खाली पोचत नव्हतं. पाणी हिरवंगार, त्यावर तरंग नाही. काकांनी पान मांडलं, भात ठेवला. “मी गजानन राऊत,” एवढं म्हणाले आणि थांबले.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर धप् झालं.

मग पुन्हा एकदा. ओलं कापड दगडावर आपटावं तसं. काठावर कुणीही नव्हतं. रामरक्षा म्हणावी म्हटलं, तर पहिल्या ओळीपुढे आठवेना. मी काकांचा दंड ओढला, पण ते हलेनात. रडत होते.

मग त्यांनी सांगितलं. काकूंच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला की कावळा शिवत नाही. मुलाने वचनं दिली, भावांनी दिली. शेवटी काकांनी हात जोडून सांगितलं, मी आता घाबरणार नाही. पिंडाजवळ आलेला कावळा ते ऐकून उडून गेला. भटजींनी दर्भाचा कावळा शिववला आणि विधी उरकला.

“तिचा विश्वासच बसला नाही,” काका म्हणाले. “पुरावा जोडल्याशिवाय अर्ज मंजूर होत नाही. म्हणून या जागा.”

धप्.

काकांनी डोळे पुसले आणि पाण्याकडे बघून म्हणाले, “सुलभा, चुकीची नोंद झाली. भीती वाटते गं. फार वाटते.”

भुतं न मानणारा मी त्या रिकाम्या काठाकडे बघून मोठ्याने बोललो. “काकू, मी समोरच राहतो. साबणाच्या वेळी मी दाराशी बसेन.”

आवाज थांबला. तो कसला होता, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. थोड्या वेळाने माडावरून एक कावळा उतरला, पानाभोवती तिरका तिरका चालला आणि भातात चोच घालून उडाला.

मला वाटलं, काका आनंदतील. ते मटकन खाली बसले. “गेली,” म्हणाले. “आता खरी गेली.” परतताना रिक्षात त्यांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि मलाही ते सोडवून घ्यावंसं वाटलं नाही.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात काका उभे, खांद्यावर टॉवेल, माझ्याकडे न बघता.

“आंघोळीला बसतोय. नोंद घ्यावी.”

मी बूट काढले. त्यांच्या बाथरूमच्या दाराशी काकूंचं स्टूल अजून तिथेच होतं. त्यावर बसलो. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग एकदम शांत झालं. भाजीचे भाव मला कुठले ठाऊक असायला? मी हिला फोन लावून विचारले आणि एकेक मोठ्याने सांगू लागलो.

“मेथी स्वस्त झाली, काका.”

“आणि गवार?” आतून साबणाने भरल्या तोंडाने प्रश्न आला.