चौऱ्याऐंशी डेसिबल

शाळेचा दर्जा ही शाळेत न जाता ओळखायची गोष्ट आहे. आत गेलं की मुलं दिसतात, शिक्षक दिसतात, जिन्यात कुणाचा तरी एकच बूट पडलेला दिसतो, आणि मत बनवणं अवघड होऊन बसतं. म्हणून जाणती माणसं शाळा रस्त्यावरूनच पाहतात. फाटकाचा रंग, सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलांचे मोजे आणि शेजारणीच्या भाच्याला मिळालेले टक्के, एवढ्या सामग्रीवर कोणत्याही शाळेचा निकाल लागतो.

आमच्या भागातल्या सरकारी हायस्कुलाची मी स्वतः पाहणी केली. धाकटीला लस द्यायला नेलं होतं. रांगेत सव्वीस आया होत्या आणि लसीच्या रांगेत कुणालाच दुसरं काम नसतं. पंचवीस जणी म्हणाल्या, शाळा चांगली नाही. त्यांपैकी शाळेच्या आत गेलेली एक (ती मतदानाला, सुट्टीच्या दिवशी). सव्विसावी म्हणाली, "माझी लेक आहे तिथे नववीत. बरी आहे की शाळा." तिची मुलगीच तिथे शिकत असल्याने तिचं मत पक्षपाती ठरवून वगळावं लागलं. निष्कर्ष : शंभर टक्के.

इतक्या एकमुखी निष्कर्षानंतर शहाण्या आईने थांबायला हवं होतं. पण मला तीच शाळा हवी होती. त्याला थोरली जबाबदार आहे.

थोरली सातवीत. सातवीच्या मुलांना हायस्कूल दाखवून आणायचा एक कार्यक्रम असतो, त्यात ती गेली आणि दिवसभर आठवी अ मध्ये गणिताच्या बाईंपुढे बसली. घरी आली ती दप्तर न टाकताच. माझी शिवणाची टेप घेतली आणि पुन्हा बाहेर. तासाभराने आली तेव्हा गुडघे धुळीने माखलेले होते.

"आई, आपल्या जिन्याची चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा दीड बोट उंच आहे. म्हणून सगळे तिथेच अडखळतात."

बारा वर्षं आम्ही त्याचा दोष चपलांना देत होतो. सासूबाईंनी तर त्यापायी दोन जोड टाकून दिले. त्या संध्याकाळी, मी शेंगा सोलत असताना, थोरलीने मला एकेचाळीस प्रश्न विचारले. त्यांतल्या दोनांची उत्तरं मला आली, आणि त्यांतलं एक नंतर चुकीचं निघालं. पण तिचे डोळे असे लकाकत होते की मी मनाशी ठरवलं, हिला त्या बाईंच्या हाताखाली घालायचं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

लोकांच्या आधी शिक्षण खातं म्हणालं. पत्रक निघालं की ज्या शाळांना यंदा 'अ' दर्जा मिळणार नाही, त्यांचा आठवीचा वर्ग विद्यार्थ्यांच्या हितासाठी बंद करून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवण्यात येईल. (दोन बस बदलून. हितापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतोच.) दर्जा ठरवायला नागरिकांची त्रिसदस्यीय समिती नेमायची होती. तिच्या निवडीच्या सभेत मी मागे उभी होते. धाकटीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना माझा हात वर गेला. तो संमती म्हणून नोंदवण्यात आला.

दुसरे सदस्य रंगाचे दुकानदार. त्यांची मुलं हमरस्त्यापलीकडे शिकतात, त्यामुळे ते तटस्थ होते. तिसरे मापकाका. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडले. बाजारात अजूनही ते दिसले की भाजीवाली आपोआप एक भेंडी जास्त टाकते, आणि ते ती परत काढून ठेवतात. मापात पाप नाही, हे त्यांचं वाक्य. समितीने ते पहिल्याच बैठकीत एकमताने मंजूर केलं. माझं अक्षर बरं असल्याने अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं.

खात्याने पाठवलेल्या तपासणी-पत्रात शहाण्णव प्रश्न होते. भिंती, फाटक आणि पत्रे यांविषयी बावीस. पाण्याची टाकी नऊ. वेगवेगळ्या वह्या, त्यांच्या प्रती आणि प्रतींची वही एकतीस. आणि अध्यापनाविषयी एक : 'शिकवले जाते काय?' (पर्याय : होय / बहुतांशी होय.) पण शाळा उघडी राहील की नाही, हे ठरणार होतं एकाच प्रश्नावर, क्रमांक सत्त्याऐंशी : 'वर्गातील शिस्त'. शिस्त डोळ्यांना दिसते त्यावर सोडता येत नाही म्हणून खात्याने यंदा आवाज मोजायचं यंत्र दिलं होतं. सहा वर्गांची सरासरी पंचावन्न डेसिबलच्या आत हवी. एका वर्गाचं मापन एकदाच. (विज्ञानाच्या सरांनी डेसिबलची अशी सरासरी काढता येत नाही असं सुचवून पाहिलं. आपण समितीवर आहात काय, असं विचारताच त्यांचं समाधान झालं.)

तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापक फाटकापाशी उभे होते. मला म्हणाले, "मॅडम, बाळ रडणार नाही ना? नाही म्हणजे, सत्त्याऐंशी नंबर आहे." धाकटीने त्यांचा चष्मा ओढला, पण आवाज केला नाही. तिलाही शाळेचं भलंच हवं होतं.

आठवी ब मध्ये एक सर धडा वाचत होते, मुलं पान उलटत होती. बावन्न. नववी अ, एकसष्ट. खिडकीतून माकड आलं होतं, ते बाहेर घालवण्यात आलं, पण नोंद राहिली. दहावीच्या दोन्ही वर्गांत परीक्षेची भीती भरपूर होती; पंचावन्न आणि अठ्ठेचाळीस.

नववी ब मात्र मी जन्मभर विसरणार नाही. त्या वर्गाला तीन महिने शिक्षक नव्हता. त्याऐवजी एक मॉनिटर होता. पुढे खुर्चीत बसलेला, हातात खडू. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'बोलणाऱ्यांची नावे' आणि खाली पाच नावं. तीन महिने त्या फळ्यावर दुसरं काहीही लिहिलं गेलं नव्हतं. चव्वेचाळीस मुलं हाताची घडी घालून समोर बघत होती. यंत्राने एकोणचाळीस दाखवले. मापकाकांनी ते झटकून पुन्हा पाहिलं.

"काय शिस्त आहे," रंगवाले भाऊ म्हणाले. "आमच्या पलीकडच्या शाळेतसुद्धा अशी नाही."

शेरा मी लिहिला : अनुकरणीय.

शेवटी आठवी अ.

बाई खिडकीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात एक फुटबॉल होता. त्यांनी वर्गाला विचारलं होतं की या खोलीतल्या हवेचं वजन किती. अर्धा वर्ग म्हणत होता, हवेला वजन नसतं. उरलेल्या अर्ध्यात पाच पक्ष होते. एक मुलगी बाकावर चढून छत मोजत होती. एक जण म्हणाला, हवेला वजन असतं तर आपण चपटे झालो असतो. "तू आहेसच चपटा," मागून कुणीतरी. बाई एवढंच म्हणाल्या, "तोलून दाखवा. मी कशाला सांगू?"

दारात उभी राहून मी यंत्राकडे पाहिलं. एकाहत्तर. मनातल्या मनात बेरीज केली. तीनशे सव्वीस, भागिले सहा, चौपन्न आणि थोडं. पंचावन्नच्या आत. थोरलीची आठवी वाचली होती. मी धाकटीच्या डोक्याचा मुका घेतला.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सोपं आहे. फुगलेला फुटबॉल तोलायचा. जेवढं भरेल तेवढं हवेचं वजन."

मापकाकांच्या हातात यंत्र होतं आणि मापन चालू होतं. पण चौतीस वर्षांची नोकरी माणसाच्या घशात कुठेतरी बसलेली असते. ते दारातूनच ओरडले, "अरे, आधी डब्याचं वजन वजा कर!"

एकदम चाळीस आवाज. कुठला डबा, आजोबा? फुटबॉल म्हणजे डबा का? मग आधी ढिला तोलायचा, आणि मग फुगवून? मापकाका यंत्र तसंच हातात धरून वर्गात शिरले, खडू घेतला, फळ्यावर तराजू काढला. ते दुकानदारांच्या चोऱ्या सांगायला लागले, तळाला चिकटवलेला चिंचेचा गोळा, पारड्याखालचा लोहचुंबक, आणि मुलं प्रत्येक चोरी पकडत होती. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. घंटा झाली तेव्हा बाहेर आले, कपाळावर खडू लागलेला. यंत्राकडे पाहिलं आणि चेहरा उतरला.

चौऱ्याऐंशी.

तीनशे एकोणचाळीस भागिले सहा. साडेछप्पन्न. दीडाने शाळा गेली.

"काका," मी म्हणाले, "त्यात तुमचा आवाज आहे. आधी एकाहत्तर होते, मी पाहिलंय."

"माझा आहे म्हणून सोडू? ताई, दुकानदाराने स्वतःचा अंगठा पारड्यावर ठेवला तर मी सोडायचो का?"

"मग कोठीची खोली सातवा वर्ग म्हणून धरू या. तिथे अठ्ठावीस येतात."

"तिथे मुलं कुठे आहेत? रिकामा डबा मालात धरत नाहीत."

मापात पाप नसलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मुख्याध्यापक घाम पुसत बसले होते. धाकटीची दुधाची वेळ झाली होती आणि ती माझ्या पदराशी वाटाघाटी करत होती. मी एका हाताने नियमांचं पुस्तक चाळलं आणि कलम बारा सापडलं : 'अपवादात्मक वर्ग सरासरीतून वगळता येईल, मात्र वगळण्याचे कारण व सुचवलेला उपाय नमूद करावा.' आठवी अ वगळली तर पाच वर्गांचे दोनशे पंचावन्न. सरासरी एक्कावन्न. अ दर्जा.

कारण लिहायचं होतं. खरं कारण मापकाकांचा आवाज; पण पाहणाऱ्याचा आवाज लिहायला पत्रात रकाना नव्हता. शिक्षकासाठी होता. मी माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं : 'संबंधित शिक्षिकेस वर्गनियंत्रणाबाबत मार्गदर्शनाची आवश्यकता आहे.' निरुपद्रवी वाक्य होतं. अशी वाक्यं मी सासूबाईंकडून रोज ऐकून घेते आणि संध्याकाळपर्यंत विसरते. रंगवाले भाऊंनी सही केली. मापकाकांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. "आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनीही केली.

खात्यात निरुपद्रवी वाक्यांसाठी स्वतंत्र कारकून असतो. एकविसाव्या दिवशी आदेश आला. बाईंना मार्गदर्शनासाठी जिल्ह्याच्या कचेरीत, जुन्या कागदपत्रांच्या विभागात, पुढील आदेशापर्यंत. ऐकते की तिथे त्यांच्यात चांगलीच सुधारणा आहे. त्या खोलीत तेहतीस डेसिबल येतात.

मी खात्याला तीन पत्रं लिहिली. तिन्हींची पोच मिळाली. मापकाका स्वतः जाऊन आले. त्यांना सांगण्यात आलं की तुमच्याच सहीचा अहवाल आहे, आकडे चुकले असतील तर तसं लिहून द्या. आकडे चुकले नव्हते. हल्ली ते बाजारात दिसत नाहीत.

शाळेला अ मिळाला. रंगवाले भाऊंच्या दुकानातल्या रंगाने तो फाटकावर काढला आहे, रस्त्यावरून वाचता येतो. आठवीला यंदा दुप्पट अर्ज आले. परवा धाकटीला पुढच्या लसीला नेलं तेव्हा रांगेतल्या पंचवीस जणी म्हणाल्या, शाळा फार सुधारली. (आत अजून कुणी गेलेलं नाही.) सव्विसावीने मुलीला तिथून काढलंय.

थोरलीला प्रवेश मिळाला. आठवी अ, पुढचा बाक. गणिताला अजून कुणी आलेलं नाही, पण नववी ब अनुकरणीय ठरल्यामुळे सर्व वर्गांत मॉनिटर नेमले आहेत. पहिल्या आठवड्यात थोरलीचं नाव फळ्यावर रोज लागायचं. एका दिवशी सात वेळा. मी तिला जवळ घेऊन, केसांतून हात फिरवत सांगितलं, "जरा गप्प बसत जा गं, राणी." ऐकणारी मुलगी आहे. दोन महिन्यांत तिचं नाव यायचं बंद झालं. तिसऱ्या महिन्यात तीच मॉनिटर झाली.

घरीही फरक दिसतो. परवा मी शेंगा सोलत होते आणि ती शेजारी बसून होती. पाऊण तास. एकही प्रश्न नाही. मी मोजत होते. माझी नणंद म्हणाली, "किती गुणाची झालीय गं. काय केलंस तरी काय?" चौथ्या पायरीवर मी अजून अडखळते. ती माझ्यामागून येत असते आणि काही म्हणत नाही.

धाकटी आता वर्षाची झाली. बोलायला लागली आहे, म्हणजे दिसेल त्याकडे बोट करून "ते? ते?" विचारत सुटते. पंख्याकडे, मुंगीकडे, स्वतःच्या पायाकडे. काल दुपारी ती झोपेल म्हणून मी हे लिहायला बसले, तर आतल्या खोलीत तिचं चालूच होतं, "ते? ते?" मग एकदम शांत. मला वाटलं, झोपली. जाऊन पाहिलं. थोरलीने कपाटाच्या दारावर खडूने 'बोलणाऱ्यांची नावे' लिहिलं होतं आणि खाली, सुबक अक्षरात, बाळाचं नाव.

तिचं अक्षर माझ्यावर गेलंय.

मी ते पुसलं नाही. उलट खाली थोडी जागा होती म्हणून तुमचं नाव लिहावं की काय, असं मनात आलं. पण तुम्ही तर पहिल्या ओळीपासून हाताची घडी घालून बसला आहात. सव्विसावीचं मत मी वगळलं, तेव्हाही तुम्ही हसलात फक्त, विचारलं काहीच नाही.

तुम्हाला अ.