तीन महिन्यानंतरचं माप

गज्जूभाऊ माणसाले त्याच्या मापाचा टी-शर्ट विकत नाही. छाती चव्वेचाळीस असन तर चाळीसचा देते. चाळीस असन तर अडतीसचा. दुकानदार मी पुष्कळ पाहिले, पण गिऱ्हाइकाले बसणार नाही असा माल मुद्दाम बोलावणारा हा एकच.

हुडकेश्वरात त्याची जिम आहे, बलदंड जिम. दरवाज्याजवळ खुर्ची टाकून मी बसतो. जोडे बाहेर काढायले लावणं आणि अनोळखी माणसाले आत न सोडणं, हे माझं काम. त्याआधी कोराडीच्या वीज कारखान्यात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर जिंदगी गेली. शाळा चौथीपर्यंत झाली. पण चूक दिसली की तोंडावर सांगतो, मग समोर कोणी असो.

टी-शर्ट काळे आहेत. छातीवर पिवळ्या अक्षरात जिमचं नाव, पाठीवर मूठ. ती मूठ दुरून आलूसारखी दिसते. मी पहिल्याच लॉटले सांगितलं होतं. गज्जू म्हणे, "काकाजी, तुम्हाले कला समजत नाही." आता सगळ्या हुडकेश्वरात पाठीवर आलू घेऊन लोक फिरून राहिले.

ऑर्डर घ्यायची त्याची तऱ्हा अशी. गळ्यात टेप टांगलेला. माणसाले हात वर करायले लावते, छाती मोजते, पोट मोजते, आणि जाड वहीत दोन आकडे लिहिते. एक आजचा, एक तीन महिन्यानंतरचा. छपाईवाल्याकडे जाते तो दुसरा आकडा. वही कोणाले दाखवत नाही. कोणी तक्रार केली की एकच उत्तर, "तीन महिन्यानं बोलू."

मिहानमधी कम्प्युटरवर बसणारे वानखेडे सर आहेत. माणूस सज्जन, पोट भरभक्कम. त्यांनी हौसेनं टी-शर्ट तिथंच घालून पाहिला. डोकं गेलं, हात गेले, अन् मंग गाडी थांबली. ना खाली जाय, ना वर येय. दोन्ही हात वर करून बिचारे आरशासमोर उभे, जसं काही पोलिसानं धरलं. तिघांनी ओढून काढला.

"भाऊ, बदलून द्या," सर म्हणे.

"वापस नाही, बदली नाही," गज्जू म्हणे. "बदली तुमची होईन, कपड्याची नाही."

शाळेत शिकवणाऱ्या भोयर मॅडम जास्त खमक्या. त्या म्हणाल्या, "मले माझ्या मापाचा पाहिजे."

"मॅडम, हे मापच तुमचं आहे. सध्या तुम्ही दुसऱ्याच्या मापात राहून राहिल्या."

मॅडम चिडून गेल्या. चार महिने त्या टी-शर्टानं त्यांच्या घरची शिलाई मशीन झाकली, हे त्यांनीच मले सांगितलं. मग एक दिवस सकाळी तोच घालून आल्या. आरशाजवळ पाच किलोची जुनी लोखंडी प्लेट टांगली आहे, तिच्यावर गज्जूनं पाना मारला. ठण्ण. सगळ्यांनी वजनं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. ज्याले टी-शर्ट बसला, त्याच्यासाठीच ती प्लेट वाजते. मॅडम पदरानं डोळे पुसू पाहत होत्या, अंगात टी-शर्ट आहे हे विसरून.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांमागं लागलो तेव्हा गज्जूनं मलेही एक दिला होता, चाळीसचा. मले तो पहिल्याच दिवशी बसला. सुमननं, माझ्या बायकोनं, पाहिला अन् म्हणे, "अहो, तरणे दिसून राहिले." पुढच्या उन्हाळ्यात सुमन गेली. तो टी-शर्ट पेटीत गेला, मी सदऱ्यावर आलो. गज्जूनं दोन-तीनदा डबा आणून दिला. मी झाकणही न उघडता वापस केला. कोणाच्या घरचं फुकट खाल्लं नाही आजवर. भाकर थापता येत नसली तरी चहात टोस्ट बुडवता येते मले.

यंदा जिमच्या वाढदिवसाले गज्जूनं हुकूम काढला, सगळ्यांनी नवा टी-शर्ट घालायचा. माझेही हात वर करून छाती मोजली. आकडा सांगितला नाही.

टी-शर्ट आला. घातला. अंगावर तंबू. बाह्या कोपराच्या खाली, खांदे दंडावर.

वानखेडे सर म्हणे, "काकाजी, आत अजून एकाची जागा आहे."

गळ्याआतली मापाची पट्टी पाहिली तर चाळीस. मी म्हटलं, "ही पट्टी खोटी आहे. माझं मापच चाळीस आहे, अन् हा चाळीस नाही."

"पट्टी बरोबर आहे, काकाजी," गज्जू म्हणे.

"मंग मी खोटा काय गा?"

"तीन महिन्यानं बोलू."

डोकं सणकलं. सगळ्याइले लहान देते अन् माझीच थट्टा. टी-शर्ट काढून टेबलावर फेकला अन् सांगितलं, "उद्यापासून येत नाही. दुसरा माणूस पाहून घे. पण तुझ्या वहीत माझं नाव राहू देणार नाही." वही ओढली. गज्जूनं अडवलं नाही, हेच मले नवल.

नाव खोडायले पेन घेतला. पानावर लिहिलं होतं, काकाजी. आज छत्तीस. तीन महिन्यानं चाळीस.

मी मागची पानं उलटली. सगळ्याइचा दुसरा आकडा लहान. मोठा एकट्या माझाच.

टेप टेबलावरच होता. त्याच्या हातचा भरवसा नाही म्हणून मी स्वतः मोजलं. छत्तीस. श्वास ओढून पुन्हा मोजलं. छत्तीसच.

गज्जू वळून काउंटरमागं गेला, टिफिन उघडून उभ्यानंच जेवायले लागला. तो रोज उभ्यानंच जेवते. घरी कोणी नाही, स्वतःच रांधते. माझ्याकडं न पाहता म्हणे, "वरण जास्त झालं आज. एकट्याच्या अंदाजानं वरण होतच नाही, काकाजी."

मी पेन ठेवून दिला. म्हटलं, "फुकट खाणार नाही. लोणचं माझं राहीन. सुमनच्या हातची एक बरणी आहे."

"चालते," तो म्हणे.

"अन् बसून जेवायचं. उभ्यानं जेवणाऱ्यासोबत मी जेवत नाही."

दुसरी खुर्ची आणली त्यानं.

याले दोन महिने झाले. बरणी अर्ध्यावर आली. टी-शर्ट रोज घालतो, खांद्याची शिवण अजून दोन बोटं खाली येते. परवा गज्जूनं ती लोखंडी प्लेट आरशाजवळून काढली अन् माझ्या खुर्चीच्या बाजूले खिळा ठोकून टांगली. पानाही तिथंच ठेवला. काहून, ते मी विचारलं नाही.